पिल्लू पसंत करण्याआधी त्याची आई पाहा

व्यवहार दहा मिनिटांत आटोपतो. फोटो मोबाइलवर पसंत केलेला असतो, रक्कम ऑनलाइन पाठवून झालेली असते. ठरल्या वेळी डोंबिवली स्थानकाबाहेर, कल्याणच्या एखाद्या नाक्यावर किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या एखाद्या पेट्रोल पंपापाशी दुचाकी येऊन थांबते. बास्केटमधून, कधी तर थेट पिशवीतून, लॅब्रॅडॉरचे नाहीतर शिह त्झूचे पिल्लू बाहेर येते. सोबत लसीकरणाचे कार्ड, मूठभर खाऊ आणि ‘काही वाटलं तर फोन करा’ असा दिलासा. मुलांचा आनंद गगनात मावत नाही.

पहिले तीन दिवस पिल्लू घरभर लुडबुडते. चौथ्या दिवशी ते खाणे टाकते. पाचव्या दिवशी उलट्या सुरू होतात आणि मागोमाग रक्तमिश्रित, उग्र वासाचे जुलाब. पशुवैद्याकडे नेले की तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटतात. पार्व्हो. सलाईन लावले जाते. काही पिल्ले वाचतात, काही नाही. विक्रेत्याला फोन केला, तर उत्तर ठरलेले असते: ‘आम्ही दिलं तेव्हा एकदम ठणठणीत होतं. तुमच्याकडेच काहीतरी लागलं असणार.’

या उत्तराचा पहिला भाग बहुतेक वेळा खरा असतो, आणि गोम तिथेच आहे. पार्व्होचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण पाच ते सात दिवस जातात. कधी थोडे कमी, कधी थोडे जास्त. म्हणजे घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी आजारी पडलेले पिल्लू संसर्ग घेऊनच उंबरठा ओलांडून आलेले असण्याची शक्यता मोठी असते. हातात घेताना ते खेळकर होते, डोळे चमकत होते, नाक ओले होते. या सगळ्याला फारसा अर्थ नव्हता. पिल्लाचे आरोग्य ते आपल्या हातात येण्याआधीच्या काही महिन्यांत ठरलेले असते, आणि त्या महिन्यांचा सर्वांत विश्वासार्ह पुरावा म्हणजे त्याची आई. ती ज्या घरात आहे तिथे जाऊन तिला पाहणे, ही जातिवंत पिल्लू घेण्याची पहिली पायरी आहे.

चीक, लस आणि मधली फट

कुत्र्याचे पिल्लू जवळजवळ रिकाम्या प्रतिकारशक्तीने जन्माला येते. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसात आईचे पहिले घट्ट दूध, म्हणजे चीक, पोटात गेला की त्यातून आईची प्रतिपिंडे त्याला मिळतात. आईचे लसीकरण वेळच्या वेळी झालेले असेल, तर हे कवच भक्कम असते. आईला कधी लसच दिली नसेल, तर पिल्लाला उसने मिळायलाही काही नसते.

हे उसने कवच कायमचे नसते. साधारण सहा ते सोळा आठवड्यांच्या दरम्यान ते हळूहळू विरते आणि प्रत्येक पिल्लात त्याचा वेग वेगळा असतो. अडचण अशी की, आईची प्रतिपिंडे टिकून असतात तोवर ती लसीलाही निष्प्रभ करतात. ती इतकी कमी झाली, की रोगाला अडवू शकत नाहीत, पण लसीला मात्र अजून अडवतात, असाही काही दिवसांचा काळ येतो. ही फट टाळता येत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दर दोन ते चार आठवड्यांनी लस देत, निदान सोळाव्या आठवड्यापर्यंत ही मालिका चालवावी, असे पशुवैद्यक सांगतात. त्यातली एखादी मात्रा फट बुजल्यानंतर पडावी, हा त्यामागचा हिशेब. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात दिली जाते.

एवढे समजले, की विक्रेत्याच्या दोन वाक्यांची पारख करता येते. दीड-दोन महिन्यांच्या पिल्लाबद्दल ‘सगळे डोस पूर्ण झालेत’ असे कोणी सांगत असेल, तर ते शक्य नाही. आणि ‘एक इंजेक्शन झालंय, आता काळजी नाही’ असे म्हणत असेल, तर तेही बरोबर नाही.

पार्व्हो जगभर पसरला तो १९७८च्या सुमारास. हा विषाणू चिवट आहे. जमिनीत, फटींमध्ये, पिंजऱ्याच्या जाळीवर तो अनेक महिने तग धरतो. नेहमीच्या फिनाइलला तो दाद देत नाही, पाणी घालून पातळ केलेल्या ब्लीचने मात्र नष्ट होतो. जिथे वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेली पिल्ले एकाच खोलीत, एकाच भांड्यात खातात आणि दर आठवड्याला नवा ‘माल’ येतो, तिथे तो ठाण मांडून बसतो. ज्या फ्लॅटमध्ये वर्षाला एकच वेत होते आणि बाहेरचे कुत्रे येत नाही, तिथे त्याला वाव कमी मिळतो. घरगुती ब्रीडरची जमेची बाजू ही अशी साधी आणि शास्त्रीय आहे.

आठ आठवडे कशासाठी?

‘लहान असतानाच घेतलं की लवकर लळा लागतो’ हा समज घरोघरी आहे. त्याचा फायदा घेऊन चार-पाच आठवड्यांची पिल्ले विकली जातात. या वयात ती सर्वांत गोंडस दिसतात, आणि त्यांना आणखी महिनाभर खाऊ घालण्याचा विक्रेत्याचा खर्चही वाचतो.

अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या वाढीचा अनेक वर्षे अभ्यास केला. तो १९६५मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचे मन जगाची ओळख करून घेण्यास सर्वाधिक मोकळे असते, असे त्यातून पुढे आले. या काळाचा पहिला अर्धा भाग आई आणि भावंडांच्या शाळेचा. भावाचा कान जोरात चावला, की तो किंचाळतो आणि खेळ थांबतो. दात किती जोराने लावायचे, हे पिल्लू असे शिकते. इटलीत २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १४० कुत्र्यांची तुलना करण्यात आली. त्यांपैकी निम्मी ३० ते ४० दिवसांची असताना आईपासून तोडलेली होती, तर निम्मी दोन महिने आईजवळ राहिलेली. लवकर तोडलेल्या कुत्र्यांमध्ये भीती, अति भुंकणे, वस्तू फाडणे, खाणे किंवा खेळणे राखताना अंगावर येणे असे प्रश्न अधिक आढळले. पुढे ‘चावरा निघाला’ म्हणून साखळीला बांधून ठेवलेल्या कुत्र्याची गोष्ट कधी कधी इथून सुरू झालेली असते.

भारतीय कायदाही आठ आठवड्यांची हीच मर्यादा घालतो. श्वान प्रजनन आणि विक्रीसंबंधी केंद्र सरकारचे नियम २०१७मध्ये आले. त्यांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. वयाबद्दल शंका असेल, तर पशुवैद्य तोंड उघडून अंदाज सांगू शकतात. दोन महिन्यांच्या सुमारास दुधाचे सगळे म्हणजे २८ दात आलेले असतात. महिनाभराच्या पिल्लाला पुढचे थोडेच असतात.

११९ दिवसांचा हिशेब

कुत्रीचा गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा. त्यात आठ आठवड्यांचे म्हणजे ५६ दिवसांचे संगोपन मिळवले, की बेरीज ११९ दिवसांवर जाते. समागमापासून पिल्लू नव्या घरी जाईपर्यंत जवळजवळ चार महिने. २०१७च्या नियमांनुसार मादीचे वय निदान १८ महिने असावे लागते, आठ वर्षांनंतर तिच्याकडून पिल्ले घेता येत नाहीत, लागोपाठच्या दोन माजांत तिला फळवता येत नाही आणि तिच्या आयुष्यात पाचापेक्षा जास्त वेत होता कामा नयेत.

हा हिशेब मनात ठेवून जाहिराती वाचल्या, की चित्र स्पष्ट होते. ज्याच्या घरी एका जातीच्या एक-दोन माद्या आहेत, त्याच्याकडे वर्षातले बरेच महिने विकायला पिल्लूच नसते. तो नाव लिहून घेतो आणि थांबायला सांगतो. उलट ज्याच्याकडे बाराही महिने लॅब्रॅडॉर, पग, बीगल, हस्की आणि पॉमेरेनियन ‘लगेच उपलब्ध’ असतात, तो ब्रीडर नसून व्यापारी असतो. ती पिल्ले कुठल्या मादीची, ती मादी कुठल्या पिंजऱ्यात, कितव्या वेताला, हे बहुधा त्यालाही ठाऊक नसते. त्या मादीला दर सहा-सात महिन्यांनी येणारा प्रत्येक माज म्हणजे कुणाच्या तरी उत्पन्नाचे साधन होऊन बसते. स्वस्त पिल्लाची उरलेली किंमत ती मोजत असते.

घरी गेल्यावर काय पाहावे?

खरा ब्रीडर भेटायला स्टेशनवर बोलावत नाही, घरी बोलावतो. ठाण्यातला दोन खोल्यांचा फ्लॅट असो की डोंबिवलीतल्या जुन्या इमारतीचा तळमजला, जागा मोठी असण्याची गरज नाही. पिल्ले घराच्या वावरात आहेत ना, एवढे पाहावे. स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी, मिक्सरचा आवाज, खालून जाणारी भाजीवाल्याची हाक, रुळांजवळच्या घरात लोकलचा भोंगा, हे सगळे आठ आठवडे ऐकलेले पिल्लू नव्या घरात बिचकत नाही. गणपतीतल्या ढोल-ताशाला आणि दिवाळीच्या फटाक्यांना तोंड देण्याची तयारीही अशाच रोजच्या आवाजांपासून सुरू होते.

मग आईकडे पाहावे. नुकत्याच व्यालेल्या मादीचे केस थोडे गळलेले, सड ओघळलेले आणि अंग जरा उतरलेले असते. ते स्वाभाविक आहे. पण ती हाडकुळी नसावी, अंगावर गोचीड नसावेत. गोचीडतापाने ग्रासलेल्या मादीत बाळंतपणाचे ओझे पेलण्याची ताकद कमी असते. तिचा स्वभाव तर जरूर पाहावा. पाहुण्यांकडे ती थोडी सावधपणे पाहील, मग मालकाच्या शब्दावर शांत होईल. ती कोपऱ्यात थरथरत असेल किंवा अंगावर धावून येत असेल, तर विचार करावा; भित्रेपणाचा काही वाटा रक्तातून येतो आणि काही तिच्या सहवासातून. पिल्ले तिच्याकडे कशी झेपावतात, तेही पाहण्यासारखे असते. ‘आई गावाला पाठवलीय’, ‘ती दुसऱ्या फ्लॅटमध्ये असते’ असे उत्तर आले, तर तिथूनच परतावे. बाप घरी नसेल तर मात्र संशय घेण्याचे कारण नाही. नर बहुधा दुसऱ्या मालकाचा असतो. त्याची कागदपत्रे आणि तपासण्या दाखवता यायला हव्यात.

वंशावळ म्हणजे आरोग्याचा दाखला नव्हे

‘केसीआय पेपर आहेत का?’ हा प्रश्न हल्ली सगळे विचारतात. केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंदणी पिल्लाची वंशावळ सांगते. त्याचे खुबे, डोळे किंवा हृदय निरोगी आहे, असे ती सांगत नाही.

लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड या जातींमध्ये खुब्याचा सांधा सैल राहण्याचा विकार बऱ्याच प्रमाणात आढळतो. तो अंशतः आनुवंशिक असतो. लहानपणी अति खाऊ घालून वजन वाढवल्याने बळावतो. दोन वर्षांच्या वयानंतर काढलेल्या एक्स-रेवरून मादी-नराच्या खुब्यांची अवस्था कळू शकते. लॅब्रॅडॉर आणि कॉकर स्पॅनियलमध्ये हळूहळू अंधत्व आणणारा दृष्टिपटलाचा एक विकार आहे. त्याचे सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडे एकेक असेल, तर दोघेही धडधाकट दिसतात, पण त्यांच्या पिल्लांपैकी सरासरी चारात एक पुढे आंधळे होते. जनुकीय चाचणीने हे आधीच कळते. नात्यातल्या नात्यात जोड्या लावल्या, की असे दडलेले दोष एकत्र येण्याची शक्यता वाढते. सख्ख्या भावंडांच्या पिल्लात प्रत्येक जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता २५ टक्के असते, मावस-चुलत भावंडांच्या बाबतीत सव्वासहा टक्के. म्हणून आई-वडिलांचे आजी-आजोबा कोण, हे वंशावळीत वाचावे. तिचा खरा उपयोग तो आहे.

जातीची निवडही आरोग्याचाच प्रश्न आहे. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो, म्हणजे जिभेवरच्या आणि श्वासमार्गातल्या ओलाव्याच्या बाष्पीभवनाने. ठाणे-कल्याणच्या एप्रिल-मे महिन्यांतल्या दमट हवेत बाष्पीभवनच मंदावते. त्यात नाक चपटे असेल, तर श्वासाचा मार्ग अरुंद. २००३मध्ये एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर पग घरोघरी पोचला. त्याचे घोरणे आजही कौतुकाने ऐकले जाते, पण तो बहुतेकदा कोंडलेल्या श्वासाचा आवाज असतो. सायबेरियाच्या बर्फासाठी घडलेला दाट केसांचा हस्की इथे एसीच्या भरवशावर जगतो. महाराष्ट्राची स्वतःची जातिवंत जात म्हणजे कारवानी. दख्खनच्या उन्हात घडलेला, आखूड केसांचा, सडपातळ कुत्रा. मात्र त्याला पळायला मैदान हवे. रोज तेवढा वेळ देणारे कोणी घरात नसेल, तर तोही कोंडमाराच ठरतो.

कागद आणि कायदा

२०१७च्या नियमांनुसार प्रजनन करून पिल्ले विकणाऱ्या प्रत्येकाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. ‘आम्ही काय, घरीच करतो’ असे म्हणून त्यातून सुटका होत नाही. नोंदणीचे प्रमाणपत्र दाखवायला सांगणे हा खरेदीदाराचा साधा हक्क आहे. पिल्लाला मायक्रोचिप बसवलेली असावी. तांदळाच्या दाण्याएवढ्या या चिपवर १५ आकडी क्रमांक असतो आणि पशुवैद्याकडच्या स्कॅनरवर तो उमटतो. लसीच्या कार्डावर बाटलीवरचे लेबल चिकटवलेले, तारीख लिहिलेली आणि पशुवैद्याची सही-शिक्का व नोंदणी क्रमांक असावा. नुसते पेनाने लिहिलेले ‘डोस १’ पुरेसे नाही. पैशांची पावती घ्यावी.

कायदा आहे, पण त्याचे दात दुधाचेच आहेत. हे नियम १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली आले. नियमभंगाला त्यात दंड आहे जास्तीत जास्त शंभर रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. एका पिल्लाच्या किमतीपुढे शंभर रुपये म्हणजे काहीच नाही. त्यामुळे मादीचे हाल थांबवण्याची ताकद आज तरी सर्वाधिक खरेदीदाराच्या हाती आहे. दया येऊन मरतुकडे पिल्लू ‘वाचवण्यासाठी’ विकत घेतले, तरी व्यापाऱ्याच्या वहीत ती विक्रीच असते आणि रिकाम्या पिंजऱ्यात दुसरे पिल्लू येते.

घरी आणल्यानंतर

चांगल्या घरातून आणलेल्या पिल्लालाही दोन दिवसांत पशुवैद्याकडे न्यावे. सोबत जंतनाशकाची नोंद असावी. कुत्र्यांमधला गोलकृमी गर्भातच आईकडून पिल्लात येतो, म्हणून दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी औषध द्यावे लागते. त्याची अंडी मातीतून आणि न धुतलेल्या हातांवरून लहान मुलांच्या पोटात जाऊ शकतात. त्यामुळे हा पिल्लाइतकाच घरातल्या मुलांच्याही आरोग्याचा विषय आहे. लसीची मालिका पूर्ण होईपर्यंत पिल्लाला सोसायटीच्या आवारात, गवतावर खाली सोडू नये. पण कडेवर घेऊन रस्ता, रिक्षा, पाऊस, माणसे जरूर दाखवावीत. ओळखीची ती मोलाची खिडकी तोवर मिटत आलेली असते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा धोका असतो. उंदरांच्या मूत्रातून येणारा हा आजार कुत्र्यालाही होतो आणि माणसालाही, त्यामुळे त्याची लस पशुवैद्याला विचारून घ्यावी. महापालिकेचा श्वान परवाना आणि दरवर्षी रेबीजची लस ही जबाबदारी पुढे आयुष्यभराची आहे.

हे सगळे जमणारे नसेल, चार महिने थांबणे जड वाटत असेल, तर जातिवंत पिल्लाचा हट्ट सोडणे शहाणपणाचे. प्राणी संस्थांकडे दत्तक देण्यासाठी देशी पिल्ले असतात, पहिल्या मालकाने सोडून दिलेली जातिवंत कुत्रीही असतात. देशी कुत्रा इथल्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या तावून सुलाखून निघाला आहे.

आणि थांबायची तयारी असेल, तर चांगला ब्रीडर ओळखण्याची एक खूण पक्की आहे. तो किमतीआधी प्रश्न विचारतो. दिवसभर घरी कोण असतं? भाड्याचं घर आहे की स्वतःचं? मे महिन्यात गावी जाता तेव्हा कुत्रा कुठे राहणार? आजी-आजोबांना चालणार आहे ना? कधी सांभाळणं अशक्य झालं, तर दुसऱ्या कुणाला न देता मला परत आणून द्याल ना? या प्रश्नांनी काही जणांचा अहंकार दुखावतो: आपण पैसे मोजतोय आणि परीक्षाही आपलीच! पण पुढची दहा-बारा वर्षे ज्या जिवाची जबाबदारी घ्यायची, त्याच्या आईजवळ बसून ही उत्तरे देताना आपली आपल्यालाच बरीच ओळख पटते. एखादे उत्तर देताना जीभ अडखळली, तर त्या दिवशी रिकाम्या हाताने परतायलाही हरकत नाही.